घरची कोरफड : पुण्याच्या हवेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या गॅलऱ्यांमध्ये कोरफडीची कुंडी बहुधा तुळशीच्या शेजारीच ठेवलेली असते, आणि रोज सकाळी दोघींना एकाच तांब्यातून पाणी घातले जाते. तुळशीला ते मानवते, कोरफडीला मानवत नाही. खालचे निम्मे प्रश्न या एका सवयीतून निघालेले आहेत. म्हणून पाण्याविषयीचे पहिले उत्तर सर्वांत लांब ठेवले आहे, आणि बाकी काही वाचले नाही तरी तेवढे अवश्य वाचावे.

कोरफडीला किती दिवसांनी पाणी घालावे?

दिवसांचा एकच आकडा सांगता येत नाही. तीच कोरफड, तीच कुंडी आणि तीच माती एप्रिलमध्ये गच्चीवर असेल तर पाच दिवसांत कोरडी पडते, आणि जुलैमध्ये आडोशाच्या गॅलरीत असेल तर तीन आठवड्यांनीही आत ओलीच असते. त्यामुळे कॅलेंडरकडे न पाहता मातीकडे पाहावे. वरची माती कोरडी दिसणे पुरेसे नाही, कारण वरचा बोटभर थर वाऱ्याने लवकर सुकतो आणि मुळांपाशी मात्र ओल टिकून राहते. खराट्याची एक काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावी, पाच मिनिटांनी बाहेर काढावी आणि तिला ओली माती चिकटली असेल तर त्या दिवशी पाणी घालू नये. काही दिवसांत हाताला सवय होते आणि कुंडी नुसती उचलून तिच्या वजनावरूनही अंदाज येऊ लागतो.

ज्या दिवशी पाणी घालायचे त्या दिवशी ते भरपूर घालावे, म्हणजे तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत. रोज घोटभर पाणी घातल्याने वरची माती कायम दमट राहते आणि खालची मुळे तहानलेली राहतात, अशी दोन्ही बाजूंनी हानी होते. पाणी मातीवर ओतावे. पानांच्या मधल्या बेचक्यात ते साचले तर कोवळा गाभा कुजू शकतो.

तरीही ज्यांना अंदाज हवा आहे त्यांच्यासाठी सांगायचे, तर आठ इंची मातीच्या कुंडीला चांगले ऊन मिळत असेल तर मार्च ते मे या काळात पाच ते आठ दिवसांनी, ऑक्टोबरच्या उष्म्यात आठ ते दहा दिवसांनी आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत साधारण दोन आठवड्यांनी पाणी लागते. पावसाळ्यात आडोशाला असलेल्या कुंडीला महिन्यातून एकदा-दोनदा पाणी पुरते. कुंडी प्लॅस्टिकची असेल तर या प्रत्येक आकड्यात चार-पाच दिवस वाढवावेत. पण काडीचा निर्णय आणि हे आकडे यांच्यात मतभेद झाला तर काडीचे ऐकावे.

कोरफडीचे मूळ अरबस्तानच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांत आहे. तिथे पाऊस क्वचित येतो, म्हणून आलेले पाणी ती पानांतल्या गरात साठवून ठेवते, आणि दिवसा पानांवरची रंध्रे मिटून घेऊन रात्री उघडते, जेणेकरून बाष्पीभवन कमी व्हावे. असे झाड तहानेने सहसा मरत नाही. सतत ओल्या मातीत मात्र मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि त्यांवर बुरशी चढते.

पावसाळ्यात कुंडी उघड्यावर राहिली तर चालेल का?

एखादा वळवाचा पाऊस किंवा संध्याकाळची जोरदार सर यांनी काही बिघडत नाही; दुसऱ्या दिवशी ऊन पडते आणि माती वाळते. घात होतो तो झडीने. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य न दिसता चार-चार, आठ-आठ दिवस भुरभुर चालू राहते, तेव्हा पाणी थोडे पडले तरी माती वाळायला सवडच मिळत नाही. पुण्यात कोरफडीला उन्हाळा जड जातो असा समज आहे, पण माझ्या मते ती खऱ्या अर्थाने धोक्यात असते ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

म्हणून मृगाच्या आधीच कुंडी स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली घ्यावी. पावसाळी वारे पश्चिमेकडून येत असल्याने पश्चिमेच्या गॅलरीत छपराखालीही सपके येतात, तेव्हा कुंडी आतल्या भिंतीला लावून ठेवावी. पागोळ्यांच्या रेषेत ती कधीच नसावी. जागाच नसेल आणि कुंडी उघड्यावरच ठेवावी लागणार असेल तर ती दोन विटांवर ठेवावी, तळाचे छिद्र मोकळे आहे ना हे पाहावे आणि मातीत वाळूचे प्रमाण वाढवावे.

कुंडीखाली ताटली ठेवावी का?

फरशीवर डाग पडू नयेत म्हणून ठेवायला हरकत नाही, पण पाणी घातल्यानंतर अर्ध्या तासाने ती रिकामी करावी. साचलेले पाणी माती पुन्हा वर शोषून घेते. दुसरे कारण झाडाशी नव्हे तर घराशी संबंधित आहे : डेंगीचा प्रसार करणारे एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांची नवी पिढी तयार होते.

ऊन किती लागते? घरात, टीव्हीशेजारी ठेवली तर?

दिवसाला चार ते सहा तास ऊन मिळाले तर कोरफड आटोपशीर आणि भरदार वाढते. पूर्वेची गॅलरी तिला उत्तम. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ती काही महिने तग धरते, आणि तग धरते म्हणूनच लोकांची फसगत होते. प्रत्यक्षात तिची पाने लांबुडकी, फिकट व लुळी होत जातात आणि अखेरीस आडवी पडतात. घरातच ठेवायची असेल तर उजेडाच्या खिडकीला अगदी चिकटून ठेवावी आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी, म्हणजे झाड एकाच बाजूला कलणार नाही.

याउलट सावलीत वाढलेली कोरफड एकदम एप्रिलच्या दुपारच्या उन्हात नेली तर तिची पाने तांबूस-तपकिरी होतात. हा रोग नव्हे, माणसाची त्वचा रापते तसाच हा प्रकार आहे, आणि अर्धवट सावलीत आणल्यावर बहुतेक वेळा हिरवा रंग परत येतो. नव्या जागेची सवय आठ-दहा दिवसांत हळूहळू करावी. पारा चाळिशीला पोहोचतो त्या दिवसांत पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कुंड्यांवर दुपारपुरते हिरवे जाळीचे कापड टाकलेले बरे, कारण तिथे उन्हाबरोबर तापलेल्या भिंतीची धगही लागते. थंडीची काळजी पुण्यात करावी लागत नाही. कोरफडीला घातक असते ते पाणी गोठवणारे हिव, आणि ते शहरात पडत नाही.

माती कोणती वापरावी?

रोपवाटिकेत पोत्याने मिळणारी लाल माती एकटी वापरू नये. काही महिन्यांत ती घट्ट बसते आणि पाणी वरच तरंगत राहते. काळी माती तर त्याहून चिवट. निम्मी लाल माती, पाव भाग जाडी वाळू किंवा विटेचा भरड चुरा आणि पाव भाग जुने, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एवढे मिश्रण पुरेसे आहे. विटेचा चुरा मला वाळूपेक्षा अधिक पसंत आहे, कारण तो हलका असतो आणि कुठल्याही बांधकामापाशी मागितला तर मिळतो. प्लास्टरची बारीक वाळू मात्र उपयोगाची नाही; ती मातीतल्या पोकळ्या भरून टाकते आणि निचरा उलट कमी होतो. कोकोपीट पाणी धरून ठेवते, आणि आपल्याला नेमके तेच नको आहे. मिश्रण बरोबर झाले आहे का हे पाहण्यासाठी ओली मूठ वळून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा विस्कटला तर माती योग्य. लाडू वळला गेला तर वाळू किंवा चुरा आणखी घालावा.

नर्सरीतून आणलेले रोप लगेच कुंडीत लावावे का?

आठवडाभर पिशवीतच ठेवून घराच्या हवेची सवय होऊ द्यावी आणि मग लावावे. उरुळी कांचनपासून हडपसरपर्यंतच्या रोपवाटिकांतून येणारी रोपे असोत की जानेवारीतल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात घेतलेली, काळ्या पिशवीतली माती बहुधा चिकट असते, कारण वाहतुकीत ती मुळांभोवती टिकावी लागते. लावताना ती हलक्या हाताने झाडून काढावी.

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडून जाते, जे कोरफडीच्या सोयीचे आहे; कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात आठ-दहा इंची साधी कुंडी मिळते आणि तीच पुरते. कोरफडीची मुळे खोल न जाता आडवी पसरतात, म्हणून उंच कुंडीपेक्षा पसरट कुंडी घ्यावी. चकचकीत रंगवलेली कुंडी दिसायला छान, पण तिच्या अंगातून पाणी झिरपत नाही. छिद्र नसलेल्या शोभेच्या भांड्यात कोरफड लावू नये, याला अपवाद नाही.

पाने पातळ आणि मऊ झाली आहेत. पाणी कमी पडते आहे की जास्त?

सर्वांत अधिक झाडे या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने मरतात. तहानलेल्या कोरफडीची पाने पातळ होतात, पन्हळीसारखी आत वळतात, पण चिवट असतात आणि झाड मातीत घट्ट उभे असते. कुजलेल्या कोरफडीची पाने बुडाशी पाणचट, पारदर्शक किंवा तपकिरी होतात, हलके ओढताच हातात येतात आणि त्यांना आंबूस वास येतो. इथपर्यंत सोपे आहे. अडचण अशी की मुळे कुजू लागली की झाडाला पाणी ओढताच येत नाही, त्यामुळे ओल्या मातीत उभे असूनही त्याची पाने सुरुवातीला तहानलेल्यासारखीच पातळ दिसतात. घरातले कुणीतरी ते पाहते आणि आणखी एक तांब्या पाणी ओतते. माझी पहिली कोरफड अशीच गेली. ती जाईपर्यंत मी तिला पाणी घालत होतो.

म्हणून पाने पातळ दिसली की आधी काडी खुपसून पाहावी. माती कोरडी असेल तर पोटभर पाणी घालावे, दोन-तीन दिवसांत पाने भरून येतात. माती ओली असेल तर बुंधा धरून हलवून पाहावा, आणि झाड डगमगत असेल तर त्याच दिवशी ते उपटावे. मुळांवरची माती झाडून काळी, लिबलिबीत मुळे स्वच्छ सुरीने कापून टाकावीत. बुंध्याच्या कापलेल्या भागात तपकिरी वर्तुळ दिसत असेल तर पांढरा, टणक भाग लागेपर्यंत वरवर कापत जावे, मग मूळ एकही उरले नाही तरी चालेल. कापलेल्या जागी हळद लावण्याची पद्धत आहे. लावायला हरकत नाही, पण झाड वाचवते ती कोरडी हवा. सावलीत पाच-सात दिवस, आणि पावसाळा असेल तर दहा दिवस, झाड तसेच आडवे ठेवावे. कापलेल्या भागावर कोरडी खपली धरली की नव्या, कोरड्या मातीत ते लावावे आणि पहिले पाणी आठवड्याने घालावे. महिन्या-दीड महिन्यात नवी मुळे फुटतात.

सर्वांत खालचे एखादे पान टोकाकडून वाळत गेले तर काही करू नये. जुने पान संपते आहे, इतकेच.

कुंडीच्या बाहेरून पांढरा थर का येतो?

पाण्यातले क्षार मातीच्या कुंडीच्या अंगातून बाहेर येऊन वाळतात. बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत हे अधिक दिसते. थर ब्रशने घासून काढावा, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा साध्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा भरभरून धुऊन निघू द्यावी.

पिल्ले केव्हा आणि कशी वेगळी करावीत?

पिल्लाला चार-पाच पाने आली आणि ते वीतभर उंच झाले की वेगळे करता येते. त्याहून लहान पिल्ले आईच्या मुळांवरच जगत असतात. संपूर्ण झाड कुंडीतून काढावे, माती मोकळी करावी आणि पिल्लाला स्वतःची मुळे आहेत ना हे पाहून जोडदेठ सुरीने कापावा. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मग लावावे. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर हे महिने या कामाला चांगले. भर पावसाळ्यात ताजी जखम मातीत घालू नये. पिल्ले काढलीच नाहीत तर कुंडी गच्च भरते आणि आईची पाने बारीक होतात, पण झाडाला त्याने इजा होत नाही. सोसायटीतल्या निम्म्या कोरफडी एकाच कुणाच्या तरी कुंडीतून वाटल्या गेलेल्या असतात, ही मला या झाडाची सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

नुसते पान खोचले तर रोप येते का?

येत नाही. मोठ्या पानात गर जास्त असल्याने ते मुळे फुटण्याआधी कुजते. यासंबंधी जे व्हिडिओ पाहायला मिळतात, त्यांत खोचलेल्या पानाला बहुधा बुंध्याचा तुकडा असतो.

माझ्या कोरफडीवर पांढरे ठिपके आहेत. ती औषधी नाही का?

लहान वयाच्या कोरफडीच्या पानांवर पांढरट ठिपके असतात आणि तिची पाने दोनच बाजूंना, पंख्यासारखी येतात. झाड मोठे झाले की ठिपके विरळ होतात आणि पाने चहूबाजूंनी फिरत येऊ लागतात. काही प्रकारांत ठिपके पुढेही टिकतात. शोभेच्या इतर अनेक जातींवरही ठिपके असतात, त्यामुळे केवळ ठिपक्यांवरून दोन्हीकडचा निष्कर्ष काढू नये. गर वापरायचा असेल तर ज्यांच्याकडे ती वर्षानुवर्षे वापरात आहे त्यांच्याकडूनच पिल्लू घ्यावे.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे काहीतरी दिसते आहे.

ते पिठ्या ढेकूण आहेत. पानांतला रस शोषून घेतात, चिकट द्रव सोडतात आणि त्या द्रवाच्या ओढीने मुंग्या येतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर बेचकी तपासावीत. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक टिपून काढावेत. फार असतील तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व काही थेंब भांड्याचा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, आणि आठवड्याने पुन्हा फवारावे, कारण पहिल्या खेपेला अंडी उरतात. उन्हात फवारल्यास पाने भाजतात. फवारलेल्या झाडाचा गर महिनाभर वापरू नये.

खत काय घालावे?

वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, दोन मुठी गांडूळखत. चहाचा चोथा, केळीच्या साली, तांदळाचे धुवण यांपैकी काहीही नको. ओला चोथा वर राहिला की चिलटे होतात.

फूल आल्यावर झाड मरते, हे खरे आहे का?

ही समजूत घायपातीवरून आलेली असावी. घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि मग संपते. कोरफड तशी नाही. चार-एक वर्षांच्या, भरपूर ऊन मिळणाऱ्या कोरफडीला हिवाळ्याच्या सुमारास उंच दांडा येतो आणि त्यावर पिवळी किंवा केशरी, नळीसारखी फुले लोंबतात. शिंजीर त्यांच्यावर मधासाठी येतात. दांडा वाळला की कापून टाकावा.

कोरफड रात्री ऑक्सिजन सोडते, म्हणून ती झोपायच्या खोलीत ठेवावी का?

रंध्रे रात्री उघडतात हे वर आलेच आहे. त्या वेळी ती कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवते. ऑक्सिजन मात्र उजेडाशिवाय तयार होत नाही, तो दुसऱ्या दिवशी उन्हातच होतो. एका कुंडीचा खोलीतल्या हवेवर होणारा परिणाम तसाही नगण्य असतो. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ सालच्या ज्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो, तो बंद पेट्यांमध्ये केला होता, दारे-खिडक्या असलेल्या घरात नव्हे. झोपायच्या खोलीच्या खिडकीत ऊन येत असेल तर झाडासाठी तिथे ठेवावी.

गर काढण्याची योग्य रीत कोणती? तो खाल्लेला चालतो का?

झाडाला निदान दहा पाने असावीत. सर्वांत बाहेरचे, जाड पान बुडापाशी कापावे आणि कापलेली बाजू खाली करून पंधरा मिनिटे पेल्यात उभे ठेवावे. जो पिवळा, कडू चीक गळतो तो टाकून द्यावा, पान धुवावे, कडेचे काटे व साल काढून मधला पारदर्शक गर घ्यावा. एका वेळी दोन-तीनपेक्षा अधिक पाने काढू नयेत. गर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो.

त्वचेवर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस वाट पाहावी, कारण काहींना त्या चिकाने खाज सुटते. किरकोळ भाजल्यावर आधी वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी, गर त्यानंतर. फोड आलेल्या किंवा खोल जखमेवर गर न लावता डॉक्टरांकडे जावे.

खाण्याच्या बाबतीत मी सावध राहण्याच्या बाजूने आहे. आयुर्वेदात कुमारी म्हणून ती जुनी आणि मान्य वनस्पती आहे, वाळवलेल्या चिकाला काळा बोळ म्हणतात, पण ती औषधे वैद्याच्या मात्रेने घ्यायची असतात. चिकातले ॲलोइन तीव्र रेचक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये दुकानात थेट मिळणाऱ्या रेचकांतून तो वगळायला लावला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सालीसकट संपूर्ण पानाचा अर्क ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता’ असलेल्या गटात घातला आहे. गर्भवती स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि मधुमेहाची किंवा हृदयाची औषधे चालू असलेल्यांनी घरच्या पानाचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरात मांजर आहे. धोका आहे का?

आहे. चीक मांजरांना व कुत्र्यांना बाधतो. उलट्या, जुलाब होऊन ती मलूल पडतात. कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर टांगावी, आणि पान चघळल्याचे लक्षात आले तर पशुवैद्याला दाखवावे.

मे महिन्यात तीन आठवडे गावाला जायचे आहे. शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगावे का?

कोरफडीसाठी सांगू नये. दारावर मुळांसकट उलटी टांगलेली कोरफड मातीविना महिनोन्महिने हिरवी राहते, हे आपण पाहतोच. निघायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी घालावे, ताटली रिकामी करावी आणि कुंडी दुपारच्या उन्हातून बाजूला सरकवावी. शेजारच्या काकूंना बाकीच्या झाडांसाठी किल्ली देणार असाल तर कोरफडीची कुंडी आधी दुसऱ्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवावी, कारण हातात पाण्याचा तांब्या असला की समोरच्या एकाच कुंडीला वगळणे कोणालाही अवघड जाते.